पश्चिम दरवाज्याची पोरं

मे 2014 मध्ये जपानमधल्या एका धोरण-गटानं एक यादी जाहीर केली. 20 ते 39 वर्षं वयाच्या स्त्रियांची संख्या 2040 पर्यंत निम्म्याहून खाली येईल आणि म्हणून पुढे टिकाव धरणं कठीण आहे, अशा 896 गावा-शहरांची ती यादी होती. डोंगरातली खेडी आणि किनाऱ्यावरची ओस पडत चाललेली बंदरं तिच्यात असणार हे सगळ्यांनी धरलंच होतं. पण टोकियोच्या 23 प्रभागांपैकीही एक नाव तिच्यात निघालं, तोशिमा. या तोशिमाचं काळीज म्हणजे इकेबुकुरो. तिथलं रेल्वे स्थानक जगातल्या सर्वांत गजबजलेल्या स्थानकांत मोजलं जातं. रोज लाखो माणसं जिथून चढतात-उतरतात, त्या जागेवर 'नामशेष होण्याची शक्यता' असा शिक्का बसला.

तोशिमानं तो शिक्का फार मनावर घेतला. प्रभागाचे महापौर युकिओ ताकानो 1999 पासून त्या खुर्चीत होते आणि त्याआधी इकेबुकुरोतच जुन्या पुस्तकांचं दुकान चालवत होते. तरुण बायका आणि लहान मुलं प्रभागात राहावीत म्हणून त्यांनी बागा सुधारल्या, नाट्यगृहं उभी केली आणि मांगा-अ‍ॅनिमेला प्रभागाची ओळख बनवलं. ओसामु तेझुका आणि त्याच्यानंतरचे कितीतरी चित्रकार उमेदीच्या काळात ज्या लाकडी चाळवजा घरात राहिले, ते तोकिवा-सो 1982 साली पाडलं गेलं होतं. त्याची हुबेहूब प्रतिकृती संग्रहालय म्हणून जुलै 2020 मध्ये उघडली. त्याआधी, नोव्हेंबर 2019 मध्ये, स्थानकाच्या पश्चिम दरवाज्यासमोरची बाग नव्यानं बांधून खुली झाली. तिच्यावर आता मोठमोठी वर्तुळाकार कडी आहेत, मोठा पडदा आहे, उघडा रंगमंच आहे.

हीच ती बाग. ऑक्टोबर 2020 मध्ये जपानी दूरचित्रवाणीवर तिच्याच नावाची अ‍ॅनिमे मालिका सुरू झाली, 'इकेबुकुरो वेस्ट गेट पार्क'. जुलैत यायची ती महामारीमुळे लांबली आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत बारा भागांत संपली. निर्मिती दोगा कोबो या स्टुडिओची, दिग्दर्शन तोमोआकी कोशिदा यांचं. दोगा कोबोचं नाव तोवर शाळकरी मुलींच्या हलक्याफुलक्या मालिकांसाठी जास्त घेतलं जाई. या मालिकेत मात्र नशेची दुकानं आहेत, कामगारांना पिळून काढणारे मालक आहेत, म्हाताऱ्यांना फोनवरून लुबाडणारी पोरं आहेत. आणि या सगळ्याच्या मधोमध एका रंगाचे कपडे घालून फिरणारी तरुणांची टोळी आहे. महापौरांना जगाला दाखवायचं होतं ते इकेबुकुरो आणि या मालिकेतलं इकेबुकुरो एकाच बागेत उभं आहे, आणि मला या मालिकेत रस वाटला तो त्यामुळेच.

मालिका 2020 ची असली तरी तिची मुळं 1997 मध्ये आहेत. इरा इशिदा हा तेव्हा 37 वर्षांचा, जाहिरातींचा मजकूर लिहून पोट भरणारा माणूस. 'ऑल योमिमोनो' या कथा-मासिकाचा रहस्यकथेसाठीचा नवलेखक पुरस्कार त्याला याच नावाच्या कथेसाठी मिळाला आणि पुढच्या वर्षी पुस्तक आलं. 1997 हे जपानच्या आठवणीत काळं वर्ष आहे. फुगलेली अर्थव्यवस्था फुटून सहा वर्षं होत आली होती. 1995 मध्ये कोबेचा भूकंप झाला आणि दोनच महिन्यांनी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन वायू सोडला गेला. 1997 च्या नोव्हेंबरात यामाइची ही शंभर वर्षांची जुनी रोखे कंपनी बसली. महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या मुलांना कायमची नोकरी मिळेनाशी झाली होती, आणि ज्यांनी महाविद्यालयाचं तोंडच पाहिलं नव्हतं त्यांच्याबद्दल तर कोणी बोलतही नव्हतं. इशिदाचा नायक याच दुसऱ्या गटातला.

माकोतो माजिमा तांत्रिक शाळेतून कसाबसा पास झालेला, वडील नसलेला मुलगा. आई पश्चिमेकडच्या 'पहिल्या गल्लीत' फळांचं दुकान चालवते आणि हा गल्ल्यावर बसतो, पेट्या उचलतो, कलिंगडं कापून विकतो. रस्त्यावरच्या फॅशनचं एक मासिक निघतं, त्यात एक सदर लिहितो. कथांमधला माकोतो पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत ऐकतो आणि जवळजवळ प्रत्येक प्रकरणात एखादी रचना त्याच्या डोक्यात वाजत असते. त्याच्याकडे बंदूक नाही, परवाना नाही, अधिकार तर कसलाच नाही. त्याच्याकडे ओळखी आहेत. वर्गमित्र ताकाशी आन्दो हा 'जी-बॉइज' नावाच्या तरुणांच्या टोळीचा प्रमुख आहे, सगळे त्याला 'किंग' म्हणतात. दुसरा वर्गमित्र, लहानपणी ज्याला सगळे माकड म्हणून चिडवत, तो याकुझांच्या, म्हणजे जपानच्या संघटित गुन्हेगारांच्या, एका शाखेत शिरलाय. इकेबुकुरो पोलिस ठाण्यातला बालगुन्हे विभागाचा एक फौजदार माकोतोला पोरवयापासून ओळखतो. दुकानासमोर कोणीतरी येऊन उभं राहतं, बहुतेक वेळा पोलिसांकडे जाऊ न शकणारं. माकोतो ऐकतो, मग फोन करायला लागतो.

प्रकरण सुटतं तेव्हाही ते बहुधा मारामारीनं सुटत नाही. कोणाला कोणाची भीती आहे, कोणाचं कोणावर ऋण आहे, पोलिसांना काय हवंय आणि याकुझांना काय नकोय, याचा हिशेब माकोतो मांडतो आणि सगळ्यांना एका ठिकाणी आणून बसवतो. नाक्यावरच्या पोरांच्या बोलीतून शहर दाखवण्याचं काम भाऊ पाध्यांनी साठच्या दशकातल्या मुंबईसाठी मराठीत केलं होतं. इशिदाची जात तीच असली तरी त्याचा नायक नाक्यावर नुसता उभा राहत नाही, तो मध्ये पडतो. हे मध्ये पडणं मला या सगळ्या कथांचा गाभा वाटतं.

टोळ्यांविषयी थोडं सांगायला हवं, कारण परदेशी प्रेक्षक त्यांना निव्वळ कल्पना समजतात. मोटारसायकलींचे आवाज काढत रात्री रस्ते अडवणारे 'बोसोझोकू' 1982 साली चाळीस हजारांच्या वर होते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला टोकियोच्या शिबुया भागात फॅशनेबल कपड्यातली टोळकी आली. मग नव्वदच्या अखेरीस इकेबुकुरो आणि उत्तरेला लागून असलेल्या साइतामा भागात रंगांच्या टोळ्या दिसू लागल्या. एका टोळीचा एक रंग, रुमालापासून टी-शर्टापर्यंत. नमुना लॉस एंजेलिसच्या लाल आणि निळ्या टोळ्यांचा, तोही बराचसा सिनेमे आणि हिप-हॉपच्या चित्रफितींतून उचललेला. 2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत पोलिसांनी त्यांचा पाठलाग सुरू केला आणि त्या विरल्या. याकुझांची घसरण त्याआधीच सुरू झाली होती. 1992 मध्ये त्यांच्याविरुद्धचा राष्ट्रीय कायदा अमलात आला आणि ऑक्टोबर 2011 पर्यंत सगळ्या प्रांतांनी त्यांच्याशी व्यवहार करणाऱ्या सामान्य नागरिकांनाही जबाबदार धरणारे नियम केले. 1963 साली एक लाख ऐंशी हजारांच्या वर असलेली त्यांची संख्या 2020 मध्ये सव्वीस हजारांच्या आत आली.

म्हणजे मालिका पडद्यावर आली तेव्हा तिच्यातल्या टोळ्या रस्त्यावर उरल्याच नव्हत्या. काहींनी याला मालिकेची चूक म्हटलं. मला ती चूक वाटत नाही, पण त्याकडे नंतर येतो.

आधी कथांचं मोठेपण सांगतो. इशिदाच्या एका पुस्तकात साधारण चार कथा असतात, त्या आधी मासिकात येतात आणि त्यांचे विषय त्या-त्या वर्षाच्या जपानमधून उचललेले असतात. आज ही पुस्तकं ओळीनं लावली आणि शेजारी सरकारी अहवाल ठेवले, तर एक गोष्ट लक्षात येते. पुष्कळ ठिकाणी कथा आधी आली आहे आणि आकडे मागून.

2008 च्या पुस्तकात सेनकावा भागातल्या एका एकट्या आईची कथा आहे. मूल घरी एकटं असताना सज्जातून खाली पडतं आणि सगळा मोहल्ला तिला दोषी ठरवतो. त्याच पुस्तकाची शीर्षककथा हंगामी मजुरांची आहे. आदल्या दिवशी फोनवर काम कळतं, दुसऱ्या दिवशी गोदामात राबायचं आणि रात्री इंटरनेट कॅफेच्या खुर्चीत झोपायचं. आरोग्य आणि कामगार मंत्रालयानं 2007 मध्ये अशा कॅफेंत राहणाऱ्यांची पहिल्यांदा पाहणी केली तेव्हा अंदाज 5,400 चा निघाला. 2008 च्या शरदात जगभर मंदी आली, कारखान्यांनी कंत्राटी माणसं काढून टाकली आणि त्यांच्याबरोबर कंपनीच्या खोल्याही गेल्या. वर्षाच्या शेवटच्या दिवशी टोकियोच्या हिबिया बागेत, मंत्रालयांच्या अगदी समोर, स्वयंसेवी संस्थांनी तंबू ठोकून जेवण रांधायला सुरुवात केली. नव्या वर्षाच्या पहिल्या काही दिवसांत तिथे पाचशेच्या आसपास माणसं आली. टीव्हीवर ते पाहून देश हादरला. जपानी सरकारनं देशातला सापेक्ष गरिबीचा दर अधिकृतपणे जाहीर केला तोही त्यानंतर, ऑक्टोबर 2009 मध्ये, 15.7 टक्के. आपल्याकडे गरिबी आहे हे कबूल करायला त्या श्रीमंत देशाला इतका वेळ लागला. पुढच्या पाहण्यांत उघड झालं की एकटा पालक असलेल्या घरांपैकी जवळपास निम्मी घरं गरीब आहेत आणि त्यातल्या बहुतेक आया कामावर जातात. सेनकावाची आईही काम करतच होती.

दुसरं उदाहरण मालिकेच्या पहिल्या भागाचं. मालिका उघडते ती नशेचा 'पाला' विकणारी दुकानं भरलेल्या एका इमारतीपासून आणि त्या इमारतीवर राग धरून बसलेल्या एका लहान मुलीपासून. हा पाला म्हणजे साधी सुकी पानं. त्यांवर प्रयोगशाळेत बनवलेली, गांजासारखा परिणाम करणारी रसायनं फवारलेली असत आणि पुडीवर 'धूप' म्हणून छापलेलं असे. एका रेणूवर बंदी आली की बनवणारे त्यात किंचित बदल करत आणि नवा माल कायद्याच्या बाहेर राही. 2013 मध्ये सरकारनं सुटी बंदी सोडून रसायनांच्या अख्ख्या कुळांवर बंदी घालायला सुरुवात केली. तरीही मार्च 2014 मध्ये देशात अशी 215 दुकानं उघडपणे चालू होती. 24 जून 2014 च्या रात्री इकेबुकुरोच्या पश्चिम दरवाज्याजवळ हाच पाला ओढलेल्या एका माणसानं गाडी पादचारी मार्गावर घातली. एका तरुण स्त्रीचा जीव गेला, अनेक जण जखमी झाले. मूळ कथा त्याच वर्षीच्या पुस्तकात आहे. पुढे पोलिसांनी आणि मंत्रालयानं एकेक दुकान गाठलं आणि जुलै 2015 पर्यंत शेवटचंही बंद झालं. विक्री मात्र रस्त्यावरून उठून पडद्याआड गेली.

त्याच 2014 च्या पुस्तकाची शीर्षककथा द्वेषाच्या मोर्च्यांची आहे. इकेबुकुरोच्या उत्तर दरवाज्याबाहेर ऐंशीच्या दशकापासून चिनी स्थलांतरितांची वस्ती वाढत गेली. किराणा, खाणावळी, वर्तमानपत्रं, प्रवास कंपन्या असं सगळं तिथे आलं. योकोहामाची जुनी चायनाटाउन पर्यटकांसाठी सजलेली आहे, ही वस्ती तिथल्या माणसांच्या रोजच्या गरजांसाठी आहे. 2008 मध्ये चिनी दुकानदारांनी 'टोकियो चायनाटाउन' या नावानं एकत्र यायचं ठरवलं तेव्हा स्थानिक दुकानदार संघटनांनी विरोध केला. 2013 च्या सुमारास शेजारच्या शिन-ओकुबोत कोरियन वस्तीविरुद्ध जाहीर शिवीगाळ करत मोर्चे निघत होते. इशिदानं तोच मोर्चा इकेबुकुरोत आणला, चिनी वस्तीसमोर. द्वेषमूलक भाषणाविरुद्धचा कायदा जपाननं केला तो 2016 मध्ये, आणि त्यातही शिक्षेची तरतूद नाही.

परदेशी कामगारांचा विषय त्यानं याही आधी घेतला होता. 2009 च्या पुस्तकात चीनमधून 'तांत्रिक प्रशिक्षणा'साठी आलेली आणि कारखान्यातून पळालेली एक मुलगी आहे. ती सापडली नाही तर तिच्या बरोबरच्या सगळ्या मुलींना परत पाठवतील, म्हणून तिला शोधायचं काम माकोतोकडे येतं. शोधून काढावं तर तिला पुन्हा त्याच कारखान्यात ढकलायचं, न शोधावं तर बाकीच्यांच्या पोटावर पाय. ही प्रशिक्षण योजना 1993 मध्ये सुरू झाली. विकसनशील देशांना कौशल्य देणं हा कागदावरचा हेतू आणि स्वस्त मजूर मिळवणं हा प्रत्यक्षातला. पहिल्या वर्षात राबणाऱ्या 'प्रशिक्षणार्थीं'ना कामगार कायद्याचं पूर्ण संरक्षण 2010 पर्यंत नव्हतं. मालक बदलायची मुभा तर नव्हतीच. 2018 या एका वर्षात नऊ हजारांहून जास्त प्रशिक्षणार्थी कामाच्या ठिकाणाहून बेपत्ता झाले. 2019 च्या अखेरीस जपानमध्ये असे चार लाखांवर लोक होते, सर्वांत जास्त व्हिएतनामचे. ही योजना बंद करून तिच्या जागी नवी आणणारा कायदा जून 2024 मध्ये मंजूर झाला आणि नवी योजना 2027 मध्ये लागू व्हायची आहे.

आपल्याकडच्या वाचकानं ही कथा परक्याची म्हणून वाचू नये. भारत आणि जपाननं याच प्रशिक्षण योजनेचा करार ऑक्टोबर 2017 मध्ये केला आणि 2021 मध्ये कुशल कामगारांसाठी दुसरा. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. आजवर तिथली बरीचशी मुलं भाषांतर आणि संगणक क्षेत्रात गेली, आता वृद्धांची शुश्रूषा, शेती, बांधकाम यांसाठीही जपान माणसं मागतो आहे. टोकियोत मराठी माणूस काय करू शकतो याचं एक उजळ उदाहरणही आहे. अंबरनाथचे योगेंद्र पुराणिक पुण्यात जपानी शिकून तिकडे गेले आणि 2019 मध्ये एदोगावा प्रभागाच्या सभेवर निवडून आले. इरा इशिदाचा जन्म याच एदोगावाचा. पुराणिक संगणक आणि बँकेच्या नोकऱ्यांतून वर आले. कारखान्याच्या वसतिगृहात राहणाऱ्या मुलाची वाट वेगळी असते, आणि जाण्याआधी दलालाला किती पैसे दिले, पारपत्र कोणाच्या ताब्यात आहे, तक्रार कोणाकडे करायची, हे प्रश्न त्याच्या घरच्यांनी आत्ताच विचारायला हवेत.

आता मालिकेबद्दलचं माझं मत. तिचं चित्रण नीटनेटकं आहे आणि तीच तिची कमजोरी. वीस-बावीस मिनिटांत एक सामाजिक प्रश्न उभा करून सोडवायचा म्हटल्यावर माणसं पातळ होतात. मालक एकदम राक्षस होतो, पीडित एकदम निष्पाप होतो. कथांमध्ये माकोतोचा निवेदनाचा आवाज आहे, थोडा चिडका, थोडा हळवा, भरपूर बोलका. पडद्यावर त्यातलं फार थोडं उरतं. याच कथांवर एप्रिल ते जून 2000 मध्ये टीबीएस वाहिनीनं जिवंत कलावंतांची मालिका केली होती. पटकथा कानकुरो कुदोची, दिग्दर्शन युकिहिको त्सुत्सुमीचं. तोमोया नागासे माकोतो झाला, योसुके कुबोझुका किंग, आणि केन वातानाबे पोलिस ठाण्याचा प्रमुख. ती मालिका वेडीवाकडी, घामट, भसाभस बोलणारी होती आणि खऱ्या बागेत चित्रित झाली होती. ती पाहिलेल्या पिढीला 2020 चा किंग फारच इस्त्रीचा वाटला, आणि त्यांचं म्हणणं मला पटतं.

तरी अ‍ॅनिमेनं एक गोष्ट पक्की धरली आहे. शेवटाकडे जी-बॉइज आणि लाल कपड्यांची रेड एंजल्स या दोन टोळ्या एकमेकांसमोर उभ्या राहतात तेव्हा युद्ध कोणाला हवं आहे हे शोधणं हाच मुख्य प्रश्न होतो. दोन्ही बाजूंची पोरं एकाच बाकावर वाढलेली आहेत. त्यांना भिडवण्यात ज्यांचा फायदा, ते बाहेरचे आहेत. आणि टोळी मुळात कशासाठी आहे, हेही मालिका विसरत नाही. जी-बॉइजमध्ये येतो तो शाळेतून गळलेला, घरातून निघालेला, कायमच्या नोकरीच्या दारातून परत पाठवलेला मुलगा. त्याला तिथे नाव मिळतं, रात्री कोणाला फोन करायचा ते कळतं. टोळीला उदात्त करण्याचा धोका यात आहे, मालिका त्या धोक्यात थोडी पडतेही. किंगच्या हुकमानं चालणारी ही शिस्त खऱ्या रस्त्यावर इतकी न्यायी नसते. पण त्या मुलाला दुसरं कोणी विचारलं होतं का, हा मालिकेचा सवाल खोटा नाही.

आणि म्हणूनच विरून गेलेल्या रंगांच्या टोळ्या 2020 च्या चकचकीत बागेत आणून उभ्या करणं मला चूक वाटत नाही. मधल्या वीस वर्षांत इकेबुकुरो स्वच्छ झालं याचा अर्थ तिथली दुःखं संपली असा होत नाही. नशेची दुकानं बंद झाली, विक्री फोनमध्ये गेली. याकुझा आटले, त्यांच्या जागी कोणत्याही नोंदवहीत नसलेले 'हानगुरे' आले, ज्यांना 2013 पासून पोलिसांनी याकुझांसारख्याच गटांत धरायला सुरुवात केली. टोळीला रंग होता तेव्हा तिचा प्रमुख कोण, ती बसते कुठे, हे गल्लीतल्या फळवाल्यालाही माहीत होतं. तिच्याशी बोलता येत होतं. रंगाचे कपडे चढवून मालिका तो बोलता येण्याजोगा काळ परत मागते, असं मी तिचं वाचन करतो.

कानामेचो भागातल्या 'टेलिफोनवाल्या'ची 2007 ची कथा या दृष्टीनं सगळ्यांत महत्त्वाची. म्हाताऱ्या माणसाला फोन करायचा, 'मी बोलतोय, मी' म्हणून मुलगा किंवा नातू असल्याचं भासवायचं, अपघात झाला, कंपनीचे पैसे हरवले, असं रडून सांगायचं आणि खात्यात रक्कम मागवायची. 2003 पासून ही फसवणूक जपानभर पसरली. 2014 या एका वर्षात अशा फसवणुकीत 5,600 कोटी येनांहून अधिक रक्कम गेली. 'डिजिटल अटके'चे फोन ऐकलेल्या आपल्याकडच्या ज्येष्ठांना हा धंदा वेगळा समजावून सांगायला नको. इशिदाच्या कथेत माकोतोकडे मदत मागायला येतो तो लुबाडला गेलेला म्हातारा नाही. येतो तो फोन करणारा मुलगा. त्याला बाहेर पडायचं आहे आणि टोळी सोडत नाही. याच कानामेचोत 2013 मध्ये एका राहत्या घरात मुलांसाठी स्वस्त जेवणाची खानावळ सुरू झाली, घरी एकटं जेवणाऱ्या पोरांनी तिथे येऊन बसावं म्हणून. एकाच वस्तीतली ही दोन्ही दारं, आणि पोरगा आधी कोणत्या दाराशी पोहोचतो यावर बरंच अवलंबून.

2023 पासून जपानी पोलिस ज्या टोळ्यांविषयी सर्वांत जास्त बोलतात, त्यांना नाव नाही, रंग नाही, बसायची जागा नाही. समाजमाध्यमावर 'एका दिवसात भरघोस पैसे' अशी जाहिरात येते. अर्ज करणाऱ्याकडून ओळखपत्राचा फोटो, घरचा पत्ता, आईवडिलांची माहिती मागवली जाते आणि संदेश आपोआप पुसले जाणाऱ्या अ‍ॅपवरून हुकूम येतो. आधी पाकीट आणायला सांगतात, मग एखाद्या घरात शिरायला. 2022-23 मधल्या दरोड्यांच्या एका मालिकेचे हुकूम फिलिपिन्सच्या कोठडीतून सुटत होते. पोरं एकमेकांना ओळखत नाहीत, वरच्याला तर कोणीच पाहिलेलं नाही. माघार घेतली तर 'तुझं घर आम्हाला माहीत आहे' एवढं एकच वाक्य पुरतं.

ऑक्टोबर 2024 मध्ये जपानच्या राष्ट्रीय पोलिस संस्थेनं एक चित्रफीत प्रसारित केली. अशा कामाला होकार देऊन बसलेल्या तरुणांना उद्देशून तिच्यात सांगितलं होतं की धमकीला घाबरू नका, मागे फिरा, पोलिसांकडे या, तुम्हाला आणि तुमच्या घरच्यांना आम्ही संरक्षण देऊ. वर्ष संपायच्या आत शंभरावर लोकांना असं संरक्षण देण्यात आलं.